स्वभाव की आजार? पर्सनॅलिटी डिसऑर्डरबद्दल लोक नेहमी विचारतात ते प्रश्न

मी लातूरला काउन्सेलर म्हणून काम करते. धाराशिव, उदगीर, परळी, कुठून कुठून लोक येतात अन् खुर्चीत बसायच्या आधीच निम्म्यांच्या तोंडी एकच वाक्य असतं, "मॅडम, त्याचा स्वभावच तसा आहे, अन् स्वभावाला काय औषध नसतंय." हे ऐकून माझा जीव तुटतो, कारण त्यातलं अर्धं खरं आहे अन् अर्ध्यानं लई घरांचं नुकसान केलंय. स्वभावाला औषध नाही कारण स्वभाव हा आजारच नाही. पण स्वभावापायी ज्याचं जगणंच अडकून पडलंय (यालाच पर्सनॅलिटी डिसऑर्डर, म्हणजे व्यक्तिमत्त्वाचा विकार म्हणतात) त्याला मदत मिळते, अन् त्या मदतीनं माणसं सुधारलेली मी बघितलीत. खालचे प्रश्न मला फोनवर, व्हॉट्सअॅपवर, कधी कधी तर लग्नाच्या पंगतीत विचारलेले आहेत. उदाहरणांतले तपशील बदललेत, कुणी ओळखू येऊ नये म्हणून.

आमचे मालक लई तापट आहेत. म्हणजे त्यांना पर्सनॅलिटी डिसऑर्डर आहे का?

नुसतं तापट आहेत एवढ्यावरून काहीच सांगता येत नाही. मी उलटा प्रश्न विचारते की राग कुठं कुठं येतो? तहसीलमध्ये साहेबासमोर गार, आडत्यासमोर गार, पाहुण्यासमोर हसरे, अन् घरात आल्यावर ताट फेकून मारतात, असं असेल तर त्यांना राग आवरता येतो, घरात ते आवरत नाहीत एवढंच. याला आजाराचं नाव देऊन पांघरूण घालू नका. हात उचलत असतील तर निदानाची वाट बघत बसायचं नाही, महिलांसाठी १८१ अन् तातडीला ११२ हे नंबर आहेत, तिथं फोन करा. आणि समजा खरंच डिसऑर्डर निघाली तरी मार खात राहणं हे बायकोचं काम नाही.

स्वभाव अन् विकार हे दोन वेगळे डबे आहेत का?

आधी तसंच मानायचे. कुर्ट श्नायडर नावाच्या जर्मन मानसोपचारतज्ज्ञानं १९२३ साली यावर लिहिलं, त्याचं म्हणणं असं की सरासरीपेक्षा वेगळा स्वभाव म्हणजे आजार नव्हे, पण त्या वेगळेपणामुळं जो स्वतः भोगतो किंवा ज्याच्यामुळं लोकांना भोगावं लागतं त्याचा विचार डॉक्टरनं करायला पाहिजे. मला हे अजूनही पटतं. पुढं १९८० साली अमेरिकेतल्या मानसोपचाराच्या पुस्तकात, ज्याला डीएसएम म्हणतात, त्याच्या तिसऱ्या आवृत्तीत या विकारांना स्वतंत्र जागा मिळाली अन् प्रत्येक विकाराला लक्षणांची यादी आली. इतकी लक्षणं असली तर विकार आहे, एक कमी पडलं तर नाही, असा कारभार.

आता बहुतेक अभ्यासक म्हणतात की असे डबे नसतात. जे गुण तुमच्यात माझ्यात आहेत तेच विकार असलेल्या माणसात असतात, फक्त टोकाला गेलेले अन् ताठ झालेले. आपल्या आज्या म्हणायच्या व्यक्ती तितक्या प्रकृती, अन् त्याच आज्या अति तिथं माती पण म्हणायच्या. दोन्ही एका दमात खरं आहे.

स्वभावाचे गुण म्हणजे नेमके कोणते?

ही गोष्ट मला फार आवडते. १९३६ साली ऑलपोर्ट अन् ऑडबर्ट या दोघांनी इंग्रजी डिक्शनरी चाळून माणसाचं वर्णन करणारे जवळजवळ १८ हजार शब्द काढले. पुढच्या संशोधकांनी ते गाळत गाळत पाच मोठ्या गुणांवर आणले. मराठीत बसून कुणी अशी यादी केली तर तिरसट, घुम्या, भिडस्त, हेकट, माणूसघाणा, चिवट, संशयखोर, मोकळाढाकळा, काय काय निघेल!

पाच गुण असे. मन किती लवकर अस्वस्थ होतं, चिंता, राग, रडू किती चटकन येतं हा पहिला. माणसांत मिसळायची ओढ हा दुसरा. लोकांशी जुळवून घेणं, भरवसा ठेवणं, दया हा तिसरा. शिस्त, नेटकेपणा, हातातलं काम तडीला नेणं हा चौथा. नवीन विचार, कल्पना, कला यांची आवड हा पाचवा. प्रत्येकात हे पाचही असतात, कमी जास्त. बहुतेक माणसं मधेच कुठंतरी असतात.

आता विकाराच्या बाजूनं बघा. अस्वस्थतेचा गुण फार वाढला की मन कायम भीती, लाज, रागात बुडालेलं राहतं. माणसांची ओढ पार आटली की माणूस सगळ्यांपासून तुटतो. जुळवून घेणं संपलं की दुसऱ्याला वापरणं, फसवणं, कणव नसणं. शिस्त संपली की मनात आलं की केलं, पुढचा विचारच नाही. अन् शिस्त अति झाली तरी विकारच, हे लोकांना खरं वाटत नाही, कारण आपल्याकडं शिस्तीचं कौतुकच होतं. पाचव्या गुणाचा विकाराशी संबंध तेवढा सरळ नाही, त्यावर अजून वाद आहेत.

मग रेषा नेमकी कुठं ओढायची?

इथं दोन प्रश्न वेगळे करावे लागतात. हाळी हंडरगुळीच्या बाजारात बैल घेणारा माणूस दोन गोष्टी बघतो, एक म्हणजे बैल तेज आहे का गरीब आहे, अन् दुसरी म्हणजे औताला चालतोय का. तेज बैल झकास चालतो अन् गरीब बैल मधेच बसकण मारतो असंही होतंय. माणसाचं तसंच. गुण कोणता हा एक प्रश्न, अन् त्या गुणासकट जगणं चालतंय का हा दुसरा. विकार ठरतो तो दुसऱ्यावर. म्हणजे मी कोण, माझी किंमत काय, मला कुठं जायचंय हे त्या माणसाला धडपणे धरून ठेवता येतंय का, समोरच्याच्या मनात काय चाललंय ते कळतंय का, अन् जवळची नाती टिकतायत का.

माझ्या चुलत्यांचं सांगते, ते आता नाहीत. मृगाचा पाऊस झालेला, वाफसा आलेला, सगळ्या शिवारात सोयाबीनच्या पेरणीची तिफण चालू, अन् चुलते बांधावर सुतळी घेऊन उभे. एक तास, म्हणजे पेरणीची ओळ, बोटभर वाकडं गेलं की तिफण थांबवायची, सालगड्याला बाजूला करायचं, परत मोजायचं. चुलतभाऊ म्हणला दादा मी धरतो, तर त्याच्या हातातून कासरा हिसकून घेतला. दिवस मावळेपर्यंत अकरा एकरातलं अडीच एकर झालं, रात्री पाऊस आला अन् पुढं आठ दिवस रानात पाय घालता आला नाही. हे एका वर्षी नाही, दर वर्षी. अन् नुसतं रानात नाही, चुलतीनं रचलेली भाकरीची चवड सुद्धा ते परत रचायचे, पोरांच्या वह्या फाडून परत लिहायला लावायचे. दोन्ही चुलतभाऊ पुण्याला गेले ते गेलेच, सणाला पण येईनात. चुलत्यांना शेवटपर्यंत वाटायचं की जगच ढिसाळ आहे. त्यांचं निदान कुणी केलं नव्हतं अन् मीही आता करत नाही, पण विकाराच्या वाटेवरचा माणूस कसा दिसतो हे मी तिथं बघितलं.

दुसरीकडं मोंढ्यातल्या एका आडतीवरचे मुनीम मला माहिती आहेत. नेटकेपणा तोच, वहीत एक पैसा इकडचा तिकडं नाही, पेन ठेवायची जागासुद्धा ठरलेली. पण हंगामात पोत्यांच्या थप्प्या लागल्या की हाताखालच्या पोराला म्हणतात, "तू लिहीत जा रे, मी रात्री बघतो." अन् चूक निघाली तर चहा पाजून समजावून सांगतात. गुण तोच अन् तेवढाच. मुनिमांचा वेळेला वाकतो, चुलत्यांचा वाकत नव्हता.

म्हणून मी तीन गोष्टी बघते. किती ठिकाणी होतंय, घरीच का कामावर, मित्रांत, सगळीकडं. किती वर्षं होतंय, जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या नियमात किमान दोन वर्षं म्हटलंय अन् बहुतेक वेळा सुरुवात तरुणपणापासून असते. अन् परिस्थिती बदलली तरी वागणं वळतंय का.

डॉक्टरनं चिठ्ठीवर लांबलचक नाव लिहिलंय. असे किती प्रकार असतात?

डीएसएमच्या २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत दहा प्रकार आहेत. तीन गट पाडलेत. पहिल्यात संशयी, एकलकोंडा अन् विचित्र विचारांचा. दुसऱ्यात समाजविघातक, बॉर्डरलाइन (भावना अन् नाती सतत खाली वर होणारा), सतत लक्ष वेधून घेणारा अन् आत्मकेंद्री म्हणजे नार्सिसिस्टिक. तिसऱ्यात भीतीपोटी माणसं टाळणारा, परावलंबी अन् अति काटेकोर.

नावात जास्त अडकू नका. बॉर्डरलाइनच्या नऊ लक्षणांपैकी पाच असली की निदान होतं, हिशोब केला तर ती पाच किंवा जास्त लक्षणं २५६ तऱ्हांनी जमू शकतात, अन् दोन पेशंटमध्ये नऊपैकी एकच लक्षण सारखं असून दोघांच्या चिठ्ठीवर नाव मात्र एकच, असं होऊ शकतं. शिवाय एकाच माणसाला दोन तीन नावं लागू होतात. याच अडचणींमुळं त्याच पुस्तकात मागं एक पर्यायी पद्धत दिलीय, गुण अन् जगण्यातली अडचण वेगवेगळी मोजणारी.

नवीन पद्धत काय आहे?

जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची अकरावी यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, त्यात या दहा नावांची रांगच काढून टाकली. आधी बघायचं अडचण किती, सौम्य, मध्यम का तीव्र. मग पाहिजे तर गुण लिहायचे, कायमची अस्वस्थता, अलिप्तपणा, दुसऱ्याची पर्वा नसणं, उतावळेपणा, अन् अति काटेकोरपणा. बॉर्डरलाइन तेवढं जोडता येतं. अन् मला सगळ्यात पटलेली गोष्ट म्हणजे विकाराच्या अलीकडं एक पायरी ठेवलीय, व्यक्तिमत्त्वातली अडचण, जी आजार नाही पण काही प्रसंगांत, काही नात्यांत त्रास देते. आमच्याकडं येणारी कितीतरी माणसं या पायरीवरच असतात, त्यांना आजाराचं नाव लावायची गरजच नसते, चार सहा वेळा बसून बोललं तरी लई फरक पडतो.

मी इन्स्टावर रील बघितली, सगळी लक्षणं माझ्यातच आहेत, आता काय करू?

घाबरू नका. रीलमधली लक्षणं, सोडून जाईल अशी भीती वाटणं, मूड बदलणं, रिकामं रिकामं वाटणं, ही प्रत्येकाला कधी ना कधी होतात, अन् विशीत तर जास्तच. आधीच सांगितलं तसं गुण सगळ्यांत असतात, म्हणून यादी वाचली की ती अंगाला बसतेच. ऑनलाइन टेस्टनं गुण थोडाफार कळेल, जगणं चालतंय का हे टेस्टला कळत नाही. पण खरंच वर्षानुवर्षं त्रास असेल तर रील खोटी म्हणून गप्प बसू नका, दाखवून घ्या. आणि एक विनंती, भांडणात नवऱ्याला, सासूला, मैत्रिणीला नार्सिसिस्ट म्हणू नका, त्यानं भांडण मिटत नाही अन् ज्यांना खरंच आजार आहे त्यांना ती शिवी होऊन बसते.

आमची आई दिवसातून वीस वेळा हात धुती, ती पण अति काटेकोर झाली का?

हा बहुतेक वेगळा आजार असतो, ओसीडी, म्हणजे तेच ते विचार अन् तीच ती कृती परत परत होणं. त्यात माणसाला स्वतःलाच ते विचार नको असतात, कळतं की हे जास्त होतंय पण थांबवता येत नाही. काटेकोर व्यक्तिमत्त्वाच्या माणसाला आपलंच बरोबर वाटतं, चुलत्यांसारखं. ओसीडीला औषधं अन् थेरपी दोन्ही चांगली लागू पडतात, लवकर दाखवा.

बॉर्डरलाइन म्हणजेच बायपोलर ना?

नाही, पण गोंधळ डॉक्टरांचासुद्धा होतो. बायपोलरमध्ये मूड फार चढायची किंवा फार पडायची लाट कित्येक दिवस, आठवडे चालते, मूड चढलेला असताना झोप कमी लागते तरी थकवा नाही, अन् लाट ओसरल्यावर माणूस बराचसा पहिल्यासारखा होतो. बॉर्डरलाइनमध्ये एका फोनवर, एका न आलेल्या रिप्लायवर मूड तासाभरात खाली वर होतो, अन् ते बहुतेक वेळा नात्यातल्या कशावरून तरी असतं. काहींना दोन्ही असतं.

वडील ५५ वर्षांचे, आयुष्यभर शांत, गेल्या वर्षभरात एकदम बदलले, शिव्या देतात, उधळपट्टी करतात. ही कोणती डिसऑर्डर?

ही पर्सनॅलिटी डिसऑर्डर नाही असं समजूनच पुढं चला. ती तरुणपणापासून असते, पन्नाशीनंतर अचानक उगवत नाही. उतारवयात स्वभाव एकदम बदलला तर डिप्रेशन, दारू, थायरॉइड, मेंदूतला झटका, गाठ, किंवा मेंदूच्या पुढच्या भागाचा डिमेन्शिया, काहीही असू शकतं. देवदेव करत किंवा "वय झालं, किरकिरे झाले" म्हणत महिने घालवू नका, आधी फिजिशियनला अन् मेंदूच्या डॉक्टरला दाखवा.

पोरगी १६ वर्षांची आहे, नीटच्या क्लासला हॉस्टेलवर ठेवलीय, लई चिडचिड करती, कुणाशी पटत नाही.

या वयात नाव चिकटवायची घाई कुणीच करू नये. स्वभाव अजून घडत असतो, बहुतेक माणसं विशी ते चाळिशीत आपोआप शांत अन् जबाबदार होत जातात. समाजविघातक प्रकाराचं निदान तर डीएसएमनुसार १८ वर्षांच्या आधी करताच येत नाही. पण नाव लावायचं नाही म्हणजे लक्ष द्यायचं नाही असं नाही. हॉस्टेलवर आठवड्याला एक फोन अन् त्यात "मार्क किती आले" एवढंच विचारलं तर पोरगी चिडणारच. जाऊन दोन दिवस राहा तिच्याजवळ.

आमच्या सासूच्या अंगात देवी येते. हा विकार आहे का?

नवरात्रात, गोंधळात, सगळ्या गावाच्या रीतीत अंगात येत असेल, अन् नंतर सासूबाई आपल्या कामाला लागत असतील तर हा विकार नाही. निदानाच्या पुस्तकातच लिहिलंय की माणसाचा समाज अन् श्रद्धा बघूनच ठरवायचं. वेळीअवेळी यायला लागलं, त्यांना स्वतःला ते नकोसं झालं, काम बंद पडलं, तर मात्र दाखवा. कुणी उपाय म्हणून मारत असेल, चटके देत असेल तर तो गुन्हा आहे, महाराष्ट्रात २०१३ पासून त्याच्या विरोधात कायदा आहे.

आमच्या संस्कारात चूक झाली का?

आईबाप हे विचारतात तेव्हा त्यांचे डोळे भरलेले असतात. जुळ्यांच्या अभ्यासावरून दिसतं की स्वभावातला साधारण अर्धा फरक जन्मतः येतो, उरलेला अनुभवातून. लहानपणी मार, हेळसांड, लैंगिक अत्याचार झालेल्यांत विकाराचं प्रमाण जास्त दिसतं, पण असं काही न होताही विकार होतो, अन् सगळं होऊनही काही पोरं उभी राहतात. एकाच घरातली दोन भावंडं बघा ना.

लग्न लावून दिलं तर सुधारेल का?

नाही. अन् जी मुलगी घरात येणार तिचा विचार करा.

बरं होतं का हो हे?

होतं, अन् हेच सांगायला मी एवढं लिहायलेय. अमेरिकेत मेरी झनारिनी यांनी हॉस्पिटलमध्ये भरती झालेल्या २९० बॉर्डरलाइन पेशंटना १९९२ पासून पुढं वर्षानुवर्षं गाठून विचारलं. दहा वर्षांत ९३ टक्के लोकांची लक्षणं किमान दोन वर्षं निदानाच्या खाली गेली. पण लक्षणं जाऊन नोकरी, नाती पण नीट बसलीत अशी निम्मीच. म्हणजे जखम भरती, चालायला शिकायला वेळ लागतो.

उपचारात सगळ्यात जास्त अभ्यास झालेली थेरपी डीबीटी म्हणजे डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांची. त्या स्वतः १७ व्या वर्षी मनोरुग्णालयात भरती होत्या अन् स्वतःला इजा करून घ्यायच्या, हे त्यांनी २०११ मध्ये जाहीर सांगितलं. ज्या बाईनं थेरपी काढली तीच कधी त्या खाटेवर होती, हे मी पेशंटला सांगते तेव्हा तिचा चेहरा बदलतो. या थेरपीत बारीक बारीक गोष्टी शिकवतात. परवा एक मुलगी सांगत होती, नवऱ्यानं फोन कट केला, अंगातून आग निघायली, ती उठली अन् रांजणातलं गार पाणी परातीत ओतून श्वास धरून तोंड बुडवलं, तीनदा. मग परत फोन न लावता अंगणात जाऊन तुळशीला पाणी घातलं. आधी ती अशा वेळी चाळीस फोन करायची. (हृदयाचा त्रास असेल तर हा पाण्याचा उपाय डॉक्टरला विचारल्याशिवाय करू नका.)

गोळ्यांनी जात नाही का?

मूळ विकारासाठी अशी खास गोळी नाही. सोबत डिप्रेशन, चिंता, झोपेचा त्रास असेल तर त्यासाठी डॉक्टर औषध देतात अन् ते घ्यावं. पण चार पाच गोळ्या चालू आहेत अन् बोलणं कुणाशीच चालू नाही, असं असेल तर डॉक्टरला मोकळेपणानं विचारा की कोणती गोळी कशासाठी आहे.

ती हात कापून घेते, घरचे म्हणतात नाटक करती.

नाटक नाही. आतलं दुखणं सहन होत नाही म्हणून माणूस असं करतो, अन् अशा माणसांत आत्महत्येचा धोका खरोखर जास्त असतो. ओरडू नका, व्रण दाखव म्हणू नका, जवळ बसा अन् सरळ विचारा, "मरावंसं वाटतं का?" विचारल्यानं कल्पना डोक्यात जात नाही. घरातली फवारणीची औषधं कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडं द्या, आपल्या भागात हे फार महत्त्वाचं आहे. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर रात्रंदिवस चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. पोलिस केसच्या भीतीनं दवाखाना टाळू नका, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरतात, त्याला शिक्षेऐवजी मदत द्यायची आहे.

गावात कळलं तर?

त्याच कायद्यानं तुमची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. तरी भीती वाटत असेल तर शेजारच्या जिल्ह्यात जा, लई जण तसंच करतात, त्यात लाज नाही.

कुठं जायचं, अन् पहिल्यांदा गेल्यावर काय विचारतात?

संभाजीनगरचं घाटी हॉस्पिटल, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ कॉलेज, लातूर अन् नांदेडचं सरकारी मेडिकल कॉलेज, इथं मानसोपचार विभाग आहेत. जिल्हा रुग्णालयातही विचारा. पूर्ण डीबीटी शिकवणारी टीम आपल्याकडं सहज सापडत नाही, पण ऑनलाइन थेरपी अन् इथला डॉक्टर अशी जोडी जमवता येते.

पहिल्या वेळी तास दीड तास धरून जा. लहानपण, शाळा, पहिली नोकरी, मोडलेली नाती, दारू, झोप, सगळं विचारतील, अन् एकाच भेटीत नाव सांगणार नाहीत, नाव सांगायला वेळ घेणारा डॉक्टर चांगलाच समजा. जुन्या चिठ्ठ्या न्या. जमलं तर लहानपणापासून ओळखणारं कुणी, मावशी, मोठा भाऊ, सोबत न्या, पण त्यांना थोडा वेळ बाहेर बसवा अन् पेशंटला एकटं बोलू द्या. माझ्याकडं आलेला एक पोरगा आईसमोर पाऊण तास खाली मान घालून बसला होता, आई पाणी आणायला बाहेर गेली अन् तो बोलायला लागला.